सायकल मारून घरची वीज : जमेल काय?

रंकाळाकाठ

मंडळी, बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून धागा काढतोय.

घरात व्यायामाची सायकल आहे. सकाळी मी तासभर मारतो, संध्याकाळी बायको मारते. घाम निघतो, पण ती सगळी ताकद हवेत जाते. ती कुठंतरी साठवता आली तर? २०१५ मध्ये मनोज भार्गव या अमेरिकेतल्या उद्योजकांनी अशी एक सायकल दाखवली होती. एक तास पेडल मारा आणि दिवसभराची वीज घ्या, असा दावा होता. त्याचे व्हिडिओ अजून व्हॉट्सअपवर फिरतात.

आमचं घर चौघांचं. बिल महिन्याला १३० युनिटच्या आसपास. एसी नाही. गीझर, फ्रिज, मिक्सर, टीव्ही आणि तीन पंखे. माझं मत असं की निम्मं बिल तरी सायकलीवर निघायला हरकत नसावी. कोल्हापुरात कुणी हे करून बघितलंय काय? डायनॅमो कुठला लावायचा, बॅटरी केवढी घ्यायची, उद्यमनगरातल्या कारखान्यांत कोण करून देईल? अनुभव असेल त्यांनी लिहा. नुसतं "सोलर बसवा" सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. अपार्टमेंट आहे, गच्ची सगळ्यांची आहे, आणि सोसायटीच्या मीटिंगा कशा होतात ते तुम्हालाही माहीत आहे.

नादखुळा_भावा

लई भारी विषय काढलास भावा. पैला प्रतिसाद माझा. पॉपकॉर्न घिऊन बसलोय.

पुणेकर_सध्या

सोलर बसवा.

नादखुळा_भावा

आलं बघा पुणं!

मीटरवाला

धागाकर्ते, तुमचा उत्साह मोडायचा नाही, पण हिशेब आधी करू, मग उद्यमनगर गाठू.

साधा धडधाकट माणूस तासभर न थांबता ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. रोज सराव करणारा सायकलपटू २०० ते २५०. तुम्ही रोज मारता म्हणून १०० धरतो. १०० वॉट एक तास म्हणजे १०० वॉट-तास, म्हणजे युनिटचा दहावा भाग. हे झालं पायातून निघालेलं. आता गळती बघा. पट्टा आणि जनरेटर मिळून पाव हिस्सा खाणार. बॅटरीत घालून परत काढताना वीसेक टक्के जाणार. इन्व्हर्टर आणखी पंधरा टक्के घेणार. शेवटी प्लगपाशी पोचतात ५० वॉट-तास. युनिटचा विसावा भाग.

तुमचं रोजचं ४.३ युनिट. भागा ५० वॉट-तासांनी. ८६ तास येतात. दिवस २४ तासांचा. घरातल्या चौघांनी चार सायकली घेतल्या तर प्रत्येकी साडेएकवीस तास. उरलेल्या अडीच तासांत जेवण, झोप, नोकरी, शाळा.

निम्मं बिल म्हणालात, तर प्रत्येकी पावणेअकरा तास. तेवढी सवलत आहे.

तांबडा_पांढरा

"उरलेल्या अडीच तासांत जेवण, झोप, नोकरी, शाळा" 🤣🤣 खुर्चीवरून पडलो.

रंकाळाकाठ

मीटरवाले, आकडे मान्य. पण मग भार्गवांचा दावा काय हवेतला होता? इतका मोठा माणूस उगाच बोलेल काय?

अमेरिकेतून_आप्पा

रंकाळाकाठ, दावा नीट ऐकला तर घोळ कळतो. ज्यांच्या घरी वीज पोचलीच नाही त्यांच्यासाठी ती सायकल होती. त्यांची "दिवसभराची वीज" म्हणजे काही एलईडी दिवे, मोबाईल, एखादा छोटा पंखा. त्यात गीझर नाही, फ्रिज नाही. ज्याच्याकडे शून्य आहे त्याला ५० वॉट-तास हे खूप असतात. तुमच्याकडे १३० युनिट आहेत, तिथे तेच ५० दिसतसुद्धा नाहीत. व्हॉट्सअपवर फिरताना "दिवसभराची वीज" एवढंच राहिलं, कुणाच्या घरची ते गळून पडलं.

अवांतर : २००९ साली बीबीसीने एका कार्यक्रमात एका घराची दिवसभराची वीज फक्त सायकलींवर चालवून दाखवली होती. घरातल्या लोकांना माहीत नव्हतं. शेजारच्या जागेत ऐंशीच्या आसपास सायकलस्वार बसवले होते. सकाळी कुणी विजेचा शॉवर लावला की सगळ्यांना जीव तोडून पेडल मारावं लागायचं.

पेठेतली_सून

माझ्या सासूबाईंना हे दाखवू नका कुणी. गीझर लावला की आधीच बडबड चालू असते.

निवृत्त_मास्तर

शाळेत अडतीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात एक ज्वालामुखी, एक पवनचक्की आणि एक सायकल-डायनॅमो असायचाच. परीक्षकांसमोर बल्ब लागला की टाळ्या. तो बल्ब ३ वॉटचा असतो हे कुणी विचारत नाही. सायकलीच्या चाकाला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो म्हणजे ६ व्होल्ट, ३ वॉट. रस्ता दिसण्यापुरता.

मुलांना युनिट म्हणजे काय ते कळावं म्हणून मी पन्हाळ्याचं गणित घालायचो. पन्हाळा आपल्या शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच. माणूस ७० किलो, सायकल १५ किलो, एकूण ८५. एवढं वजन ४०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा ३ लाख ३३ हजार ज्यूल. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल. म्हणजे सायकलवरून जवळजवळ अकरा वेळा पन्हाळा चढलात की एक युनिट. रस्त्याचं घर्षण आणि वारा मी धरलेलाच नाही. वाघबिळाच्या पुढचा चढ ज्यांनी मारलाय त्यांनी बिल भरताना आठवावा.

तांबडा_पांढरा

मास्तर, दंडवत. अकरा वेळा पन्हाळा आणि बदल्यात दहा-बारा रुपये. पन्हाळ्यावर पिठलं-भाकरीच त्याच्या कितीतरी पट महाग पडते.

मीटरवाला

खाण्याचं काढलंत म्हणून सांगतो. शरीराची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के. तासभर १०० वॉट द्यायला साडेतीनशे ते चारशे किलोकॅलरी जाळाव्या लागतात. दोन-तीन भाकऱ्या. त्यातून मिळाली ५० वॉट-तास, म्हणजे सगळे आकार धरून पन्नास-साठ पैशांची वीज. सायकल मारून भूक लागली म्हणून बाहेर मिसळ खाल्लीत की महिन्याची बचत एका प्लेटीत साफ.

नादखुळा_भावा

पन पैलवान बशिवला तर? आमच्या तालमीतली पोरं दिवसाला हजारानं बैठका मारत्यात. सायकल म्हंजे त्यास्नी इश्रांती. सगळी पेठ उजळतील की मर्दा.

मीटरवाला

भावा, पैलवानाचा जोर क्षणाचा. डाव मारताना हजार वॉट जातील, पण तासभर टिकवायचे म्हटलं की तोही दोन-अडीचशेवर येतो. २०१५ मध्ये जर्मनीच्या एका ऑलिंपिक सायकलपटूला ७०० वॉटच्या टोस्टरला जोडला होता. मांड्या बघितल्यास तर खासबागेत थेट निकाली कुस्तीला लावशील असा गडी. ब्रेडची एक स्लाइस भाजली आणि जमिनीवर आडवा झाला. तयार झालेली वीज ०.०२१ युनिट.

नादखुळा_भावा

एका पावासाठी गडी चितपट 😳

विजेचा_कीडा

सगळे जुन्या विचारात अडकलेत. बॅटरीवर एक मोटर चालवायची, ती मोटर सायकलचं चाक फिरवेल, चाकावर मोठा अल्टरनेटर बसवायचा, अल्टरनेटर बॅटरी चार्ज करेल आणि उरलेल्यावर घर चालेल. सुरुवातीला फक्त दोन मिनिटं पेडल. माझ्या ओळखीच्या एकाने करून दाखवलंय, व्हिडिओ आहे. मोठ्या कंपन्या हे बाहेर येऊ देत नाहीत.

निवृत्त_मास्तर

बाळा, उरलेलं कुठून येणार? मोटर शंभर घेऊन ऐंशी देणार. अल्टरनेटर त्या ऐंशीतले पन्नास देणार. बॅटरीत शिरताना त्यातलेही कमी होणार. प्रत्येक फेरीला बॅटरी उतरत जाणार. व्हिडिओत टेबलाखाली काय आहे ते एकदा बघून ये.

विजेचा_कीडा

मास्तर, टेस्लालाही लोक हसले होते.

तांबडा_पांढरा

टेस्लाला हसले ते हसले. आमच्या गल्लीतल्या बाळूलाही हसले होते, अन् बाळू खरंच येडा होता. (हलके घ्या.)

उद्यमनगरचा_टर्नर

इथं मघापासून पैसे आणि भाकऱ्या मोजणं चाललंय. धागाकर्त्यानं विचारलं होतं डायनॅमो कुठला, बॅटरी केवढी, ते कुणी सांगेना. मी सांगतो. आमच्याकडं हे काम दोन-चार जणांनी करून घेतलंय. एक शाळेसाठी होतं, एक शेतावरच्या खोपीसाठी. त्यावरून शिकलेलं लिहितो.

गाडीचा अल्टरनेटर घ्यायचा नाही. भंगारात स्वस्त मिळतो म्हणून सगळे पहिल्यांदा तोच आणतात. त्याला हजार-दीड हजार फेऱ्यांच्या वर गेल्याशिवाय जोर येत नाही, आणि त्याच्या आतल्या फील्ड कॉइललाच वीज लागते. इंजिनाला त्याचं काही वाटत नाही, माणसाच्या पायाला वाटतं.

दोन गोष्टी चालतात. एक, २४ व्होल्ट २५० वॉटची कायम चुंबकाची डीसी मोटर. जुन्या ई-स्कूटरमधली मिळते. उलटी फिरवली की तीच जनरेटर. मागचं टायर काढून टाका आणि रिमवरून चपटा पट्टा थेट मोटरच्या पुलीवर घ्या. टायरला रोलर घासून फिरवलात तर बरीच ताकद टायर तापवण्यात जाते. पुली ६ सेंटिमीटरची धरा. रिम साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे दहापट. पुढं ४८ दाती, मागं १८ दाती, ते पावणेतीनपट. एकूण सव्वीस-सत्तावीसपट. पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या झाल्या की मोटर १६०० च्या आसपास फिरते. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला तेवढं बास.

दुसरी गोष्ट जास्त चांगली : ई-सायकलच्या चाकातली हब मोटर. पण ती डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे आत गिअर नसलेली पाहिजे. गिअरवाल्या हब मोटरच्या पोटात एकतर्फी क्लच असतो. चाक फिरतं, मोटर जागची हलत नाही, आणि तुम्ही बसता मीटरकडं बघत. डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर पट्टा नाही, पुली नाही, आवाज नाही. तीन वायरी निघतात, त्याला तीन फेजचा ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) लावायचा, पुढं चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त भरू न देणारा), पुढं बॅटरी.

डीसी मोटर वापरलीत तर मध्ये डायोड विसरू नका, तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. डायोड नसला तर तुम्ही थांबलात की बॅटरीच मोटर फिरवायला लागते. शाळेच्या सायकलीवर एका पोरानं पाय काढला आणि पेडल आपोआप फिरायला लागलं. पोरं भूत भूत म्हणून बाहेर.

पेठेतली_सून

भूत भूत 😂😂 टर्नरदादा, आणखी लिहा हो.

उद्यमनगरचा_टर्नर

वहिनी, लेथवर जॉब लावलाय, रात्री लिहितो.

रंकाळाकाठ

टर्नरसाहेब, हेच हवं होतं. व्यायामाच्या सायकलीला पुढंच एक जड चकती असते, तिच्यावरच पट्टा घेतला तर?

उद्यमनगरचा_टर्नर

चालेल. उलट बरं. ती चकती म्हणजे फ्लायव्हील. पेडल वर-खाली उभं असतं त्या क्षणी पायाला जोर मिळत नाही, तेवढ्यात जनरेटरनं ब्रेक लावल्यासारखा धक्का बसतो. जड चकती तो धक्का गिळते. फ्लायव्हील नसलेली सायकल दहा मिनिटं मारून बघा, गुडघे सांगतील. फक्त चकतीचा व्यास लहान असेल तर गुणोत्तर परत काढावं लागेल. आणि तुमच्या सायकलीला घट्ट करायचा जो ब्रेक आहे, तो पूर्ण सोडायचा. जनरेटरच आता ब्रेक.

मीटरवाला

टर्नर, काम नंबर एक. पण माझा मुद्दा तिथंच आहे. यंत्र कितीही चांगलं केलंत तरी पाय १०० वॉटचेच. गळती कमी करून ५० चे ७० होतील. एक बादली गरम पाणी घ्या. १५ लिटर, २२ अंशांवरून ४५ वर न्यायचं, ०.४ युनिट. म्हणजे आठ तास सायकल मारा आणि एक आंघोळ करा. आणि आठ तास सायकल मारलेल्या माणसाला आंघोळ लागतेच.

तांबडा_पांढरा

सायकल → घाम → आंघोळ → गीझर → सायकल. कीडासाहेब, हे घ्या तुमचं न थांबणारं चक्र.

पेठेतली_सून

गीझर सोडा. मला मिक्सरचं सांगा. चटणी वाटायची म्हटलं तर?

मीटरवाला

७५० वॉटचा मिक्सर तीन मिनिटं, ३७ वॉट-तास. पाऊण तास पेडल.

निवृत्त_मास्तर

वहिनी, त्यापेक्षा पाटा-वरवंटा. चेष्टा करत नाही. पायाच्या ताकदीची वीज करायची, ती साठवायची, परत काढायची, आणि तिची पुन्हा फिरती ताकद करायची, यात निम्म्याहून जास्त वाया जातं. ताकद जिथं लागते तिथंच थेट लावली तर माणूस अजून उपयोगाचा आहे. पायाचं शिलाई मशीन हे उत्तम उदाहरण. ग्वाटेमालात माया पेडल नावाची संस्था भंगारातल्या सायकलींपासून मिक्सर, पाणी उपसायचे पंप, मका भरडायची यंत्रं बनवते. त्यात वीज कुठंच नाही, साखळी थेट यंत्राला. आपल्याकडे गुऱ्हाळात पूर्वी चरकाला बैल जुंपत. त्या बैलांपासून कुणी वीज करत बसलं नाही, थेट ऊस गाळला.

नादखुळा_भावा

मास्तर, मग कांदा-लसूण मसाल्याचा डंक सायकलवर चालंल काय? आईचा मसाला कुटून घ्यायला रांगंत हुबं ऱ्हावं लागतंय उन्हाळ्यात.

उद्यमनगरचा_टर्नर

डंक उचलायला जमेल, पण किलोभर मसाल्याला तू संपशील. डोळ्यात मिरची, पायात गोळे.

अमेरिकेतून_आप्पा

जाता जाता, कोपनहेगनच्या एका हॉटेलात २०१० च्या सुमाराला योजना होती. पाहुण्याने सायकलवर १० वॉट-तास वीज तयार केली की एक जेवण फुकट. आणि ब्राझीलमधल्या एका तुरुंगात कैदी सायकल मारून बॅटरी चार्ज करत, त्यावर गावातले रस्त्याचे दिवे लागत. आठ-आठ तासांचे तीन दिवस मारले की शिक्षेतला एक दिवस कमी.

तांबडा_पांढरा

१० वॉट-तासांना जेवण? म्हणजे सात-आठ मिनिटं पेडल? आप्पा, ते हॉटेल इथं काढायला सांगा. गंगावेशीतली पोरं तालमीतून सुटली की रांग लागेल. मालक आठवड्यात कर्ज काढेल.

पुणेकर_सध्या

आणि कळंब्याच्या तुरुंगात तो ब्राझीलचा प्रयोग करायला हरकत नाही.

नादखुळा_भावा

पुणेकर पैल्यांदा कायतरी चांगलं बोलले. नोंद घ्या.

पुणेकर_सध्या

आता गंभीरपणे. एक किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. म्हणजे तुमचं जवळजवळ अख्खं घर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार अनुदान, तीन किलोवॉट आणि त्यापुढे ७८ हजारांवर थांबतं. सोसायटीची मीटिंग कितीही वाईट असली तरी ८६ तासांपेक्षा कमीच चालते.

रंकाळाकाठ

आमच्या सोसायटीची मीटिंग तुम्ही बघितलेली नाही. पार्किंगच्या पट्ट्यांवरून गेल्या वर्षी जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

मीटरवाला

पाण्याशी तुलना केली तर माणूस आणखी लहान दिसतो. कोयनेत पाणी चारशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली येतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी तिथून खाली आलं की साधारण एक युनिट. तेवढ्यासाठी आपण वीस तास पेडल मारतोय. शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला घेतलं ते शेतीच्या पाण्यासाठी, पुढं त्याच पाण्यावर वीजही झाली. आपलं नशीब चांगलं की आपण सह्याद्रीच्या पायथ्याला राहतो.

कुरुंदवाडची

खूप दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंसं वाटलं.

सगळ्यांचे हिशेब बरोबर आहेत, पण सगळे "बिल किती वाचेल" असंच मोजताय. मी ऑगस्ट २०१९ सांगते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, आणि त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्याकडे तर कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही. आम्ही वरच्या मजल्यावर नऊ माणसं, शेजारचेही आमच्यातच. वीज पहिल्याच दिवशी गेली. सबस्टेशनच पाण्यात, कुणाला दोष देणार? गीझर, फ्रिज, मिक्सर यातलं काहीच आठवलं नाही हो कुणाला. लागत होता एक दिवा आणि मोबाईल. दिवा सासऱ्यांसाठी, त्यांना रात्री उठावं लागायचं. मोबाईल कारण बोट कधी येणार ते त्यावरच कळायचं. माझी नणंद सांगलीत अडकलेली, ती तिकडून फोन लावत होती आणि इकडे सगळे फोन बंद. शेवटी दिरांनी खालच्या मजल्यावर छातीएवढ्या पाण्यात उतरून मोटरसायकलची बॅटरी काढून आणली.

त्या दिवसांत कुणी मला तासाला ५० वॉट-तास दिले असते तर मी त्याचे पाय धुतले असते. आणि माणसं काय, नऊ होतो. करायला काही काम नव्हतं, नुसतं पाणी बघत बसायचं. सायकल मारायला भांडणं लागली असती.

२०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही आधीच बाहेर पडलो, पण सगळेच पडत नाहीत. जनावरं असतात.

पेठेतली_सून

ताई 🙏

निवृत्त_मास्तर

ताई, धागा तुम्ही जिथं न्यायला पाहिजे होता तिथं नेलात.

पुणेकर_सध्या

ताईंचा मुद्दा मान्य. पण त्यासाठीही १०० वॉटचं एक छोटं पॅनेल आणि बॅटरी पुरे नाही का? पॅनेलला पाय लागत नाहीत.

मीटरवाला

पुणेकर, इथं मात्र मी सायकलीच्या बाजूने. १०० वॉटचं पॅनेल उन्हात दिवसाला ४०० वॉट-तास देतं, खरं. पण पूर येतो तेव्हा ऊन नसतं. आठ-आठ दिवस आभाळ काळं. तसल्या झडीत पॅनेल दहा-वीस टक्क्यांवर येतं, म्हणजे दिवसाला ४० ते ८० वॉट-तास. तासभराच्या पेडलिंगएवढंच झालं. आणि सायकल रात्रीही चालते.

शिवाय पुरात इन्व्हर्टरची गरजच नाही. १२ व्होल्टचे एलईडी दिवे थेट बॅटरीवर, मोबाईलसाठी गाडीत असतो तसला चार्जर. इन्व्हर्टरची गळती गेली, की तासाला ६० वॉट-तास हातात. ५००० एमएएचचा मोबाईल पूर्ण भरायला वीसेक वॉट-तास लागतात. म्हणजे एका तासात तीन मोबाईल. किंवा ५ वॉटचा दिवा बारा तास. नऊ माणसांनी अर्धा-अर्धा तास मारली तर नऊच्या नऊ मोबाईल आणि रात्रभराचा दिवा, वर थोडं शिल्लक.

विजेचा_कीडा

माझी मोटर लावली असती तर अर्धा तासही मारावी लागली नसती.

तांबडा_पांढरा

कीडासाहेब, ताईंच्या प्रतिसादाखाली तरी नको.

उद्यमनगरचा_टर्नर

पुरासाठी करायचं असेल तर वेगळं करावं लागेल. व्यायामाची सायकल तळमजल्यावर असली तर तीच पहिली बुडणार. अख्खी सायकल वर चढवणं कुणाला सुचत नाही त्या वेळी. म्हणून मी म्हणतो, नुसता स्टँड करा. लोखंडी चौकट, त्यावर जनरेटर, डायोड, फ्यूज, कंट्रोलर, सगळं एका पेटीत. पेटी माळ्यावर राहील. वेळ आली की घरातली कुठलीही सायकल उचलून त्यावर बसवायची. तेव्हा रोलर चालेल, टायर तापलं तर तापलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न. रोलर टायरवर दाबून धरायला स्प्रिंग द्यायची, म्हणजे २६ इंची, २८ इंची, पोरांची, सगळी बसतील.

बॅटरी मोठी घेऊ नका. १२ व्होल्ट २० एएच (अँपियर-तास) पुरे. लोक १५० एएचची घेतात, आणि पेडलनं ती कधी भरतच नाही. अर्धवट भरलेली शिसं-आम्लाची बॅटरी तशीच पडून राहिली की सल्फेट धरून मरते. पैसे असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. हलकी असते आणि वर्षभर माळ्यावर पडली तरी रुसत नाही. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच पाहिजे, टोकाला नको.

रंकाळाकाठ

मला हे पटलं. बिलाचं सोसायटी आणि सोलर बघून घेईल. माझा भाऊ चिखलीत राहतो. तिथं पाणी दरवेळी येतं, आणि तो गोठा सोडून हलत नाही. त्याच्यासाठी ही पेटी करतो. घरच्या सायकलीवरून सध्या फक्त वायफायचा राउटर आणि मोबाईल, तेवढं बघतो.

पेठेतली_सून

मी मात्र वेगळाच विचार करतेय. टीव्ही ३२ इंची, ५० वॉट. मुलगा रोज तीन तास कार्टून बघतो. टीव्ही त्या सायकलला जोडला, पेडल थांबलं की टीव्ही बंद. होईल का असं?

मीटरवाला

होईल. दहा-बारा वर्षांचा मुलगा ४०-५० वॉट जेमतेम देईल. वीस मिनिटांत अभ्यासाला बसेल.

नादखुळा_भावा

वैनी, ते पोरगं बापाला सायकलवर बशिवल अन् सोता कार्टून बघल. लिवून ठेवा.

पेठेतली_सून

तेही चालेल. त्यांचंही पोट सुटलंय.

कुरुंदवाडची

टर्नरदादा, अशी पेटी केलीत तर मलाही एक हवी. खर्च किती येईल साधारण? आणि पेटी पाण्यात पडली तर?

उद्यमनगरचा_टर्नर

ताई, खर्च मोटर कुठली मिळते त्यावर. जुनी मिळाली तर मोटर, कंट्रोलर आणि लोखंड यात निम्मं लोखंडच. भाव आधी सांगून नंतर वाढवायला मला आवडत नाही, एक तयार झाली की खरा आकडा सांगतो. पाण्याचं म्हणाल तर कंट्रोलर आणि जोड प्लास्टिकच्या बंद डब्यात घालू, ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) लावून वायर बाहेर काढू. मोटर भिजली तर वाळवून चालते. बॅटरी मात्र पेटीत नको, वेगळी. उचलायला सोपी पडते.

रंकाळाकाठ

टर्नरसाहेब, एका मित्राकडं ई-सायकलचं चाक पडलंय, मोटर आत आहे. गिअरची आहे की डायरेक्ट ते कसं ओळखू?

उद्यमनगरचा_टर्नर

आकार बघा. डायरेक्ट ड्राइव्हची मोटर ताटाएवढी रुंद आणि जड असते, गिअरची लहान आणि जाड. तरी खात्री नसेल तर तीन वायरींची टोकं एकमेकांना जोडून चाक पुढच्या दिशेनं हातानं फिरवा. अडल्यासारखं जड फिरलं तर डायरेक्ट. मोकळं भिरभिरलं तर गिअरची, मित्राला परत द्या.

रंकाळाकाठ

फिरवून बघितलं. जड आहे, हात दुखला.

उद्यमनगरचा_टर्नर

मग घेऊन या. सोमवारी नको, आमच्याकडं औद्योगिक सुट्टी असते, शटर बंद. मंगळवारी दहानंतर या. येताना ३५ अँपियरचा तीन फेजचा रेक्टिफायर घेऊन या, हीटसिंकसकट. नुसता आणला तर मला पत्रा कापत बसावं लागेल.

नादखुळा_भावा

मी बी येतो मंगळवारी. चहा माझ्याकडनं. पेडल कोन मारनार ते तितं ठरवू.